हॅलिडे कंपनीची बोट

मुसाने टेबलावर पांढरी चादर अंथरली, तिच्यावर पाण्याचा हलका हबका मारला आणि तळहाताने ती चारी बाजूंनी ताणून बसवली. मग एकेक ताटली अशी ठेवली की जराही आवाज झाला नाही.

"ओली कशाला केलीत, मुसाभाई?" बाईसाहेबांनी विचारलं.

"बोट हलते, बाईसाहेब. कोरड्या चादरीवर ताटल्या पळतात. ओलीवर जागच्या जागी राहतात."

"म्हणजे माणसं गडबडा लोळली तरी चालतील, ताटल्या हलता कामा नयेत," बाईसाहेब म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

रत्नागिरीतल्या झाडगावात, सबनिसांच्या व्हरांड्यात ही तालीम चार दिवस चालली होती. रावसाहेब सबनीस डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले त्याच वर्षी इंग्रजही गेले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असावा असं रावसाहेबांना मनातून वाटत आलं होतं. सात वर्षं झाली तरी त्यांच्या घरात चारच्या ठोक्याला चहा होई आणि चहाच्या किटलीला लोकरीची टोपी असे. आता मँचेस्टरला डॉक्टर असलेल्या मुलाने दोघांना उन्हाळ्यासाठी बोलावलं होतं. जायचं नक्की होतं. कोणत्या कंपनीच्या बोटीने जायचं ते तेवढं ठरत नव्हतं, म्हणून राजिवड्याहून मुसा बटलरला बोलावणं गेलं होतं.

मुसाने तीस वर्षं विलायती बोटींवर जेवणं वाढली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा कंपनीने त्याला एक शिफारसपत्र देऊन घरी पाठवलं. पण काटे-चमचे मांडायला त्याला डोळे लागत नसत. शेवटच्या गोऱ्या कलेक्टरच्या लिलावात रावसाहेबांनी घेतलेला तो संच त्याने नुसत्या बोटांनी ओळखून डावी-उजवीकडे लावला.

"बाहेरून आत यायचं, बाईसाहेब. चुकलं तर थांबायचं नाय. थांबलं की सगळे बघतात."

रावसाहेब वेताच्या खुर्चीत बसून दोन रंगीत पुस्तिका चाळत होते. तिसरी त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला टाकली होती. तिच्यातल्या चित्रात एक गृहस्थ कोटाशिवाय जेवायला बसला होता.

"ही इटालियन कंपनी," रावसाहेब म्हणाले. "नवी कोरी बोट आहे. थंड हवेची खोली. पण हे बघ, पोहायच्या तलावाभोवती काय चाललंय! ही काय बोट झाली? ही जत्रा झाली."

मुसाने एक काटा सरळ केला.

"आणि ही हॅलिडे. प्रभाकर लिहितो, बाबा, विलायत आता तुम्ही समजता तशी राहिलेली नाही. बरं, नसेल राहिली. निदान बोट तरी तशी असावी. संध्याकाळी काळे कोट, जेवणाआधी घंटा, लाकडी तक्तपोशीची वाचनाची खोली. तू तर हिच्यावर होतास, मुसा. 'ऑल्डरमूर'वर. अजून तसंच असेल?"

"एक खुर्ची हलली नसेल, साहेब."

"हेच म्हणतो मी." रावसाहेबांनी पुस्तिका मांडीवर ठेवली आणि जरा थांबून, बाईसाहेब आत गेल्या आहेत हे पाहून, आवाज खाली आणला. "एक विचारतो. खरं सांग. आपल्यासारख्यांना तिथे कसं वागवतात?"

मुसाच्या हातात माशाची सुरी होती. ती त्याने पुसली. मग परत पुसली.

या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्याइतकं रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. ऑल्डरमूरच्या जेवणाच्या खोलीत एकोणतीस नंबरचं टेबल होतं. पॅन्ट्रीच्या झुलत्या दाराला लागून. दार उघडलं की तिथे कोबीच्या वाफेचा आणि खरकट्याचा वास यायचा, मिटलं की पंख्याचं वारंही यायचं नाही. पहिल्या वर्गाचं तिकीट कुणी कितीही आधी काढलेलं असो, हिंदुस्थानी माणूस दिसला की मुख्य स्टुअर्ड हसून, कमरेत वाकून, त्याला तिकडे नेत असे. कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. बारा वर्षं ते टेबल मुसाने स्वतः मांडलं होतं. मुंबईचे बॅरिस्टर, कराचीचे शेठ, कुठल्याशा संस्थानचे दिवाण तिथे ताठ बसून सूप प्याले होते आणि उतरताना सगळ्यांनी "फार छान व्यवस्था होती" असं वहीत लिहिलं होतं. इटालियन लोक आरडाओरडा करतात, पण कुणालाही कुठेही बसवतात. रावसाहेबांच्या जिवाला तिथे सुख झालं असतं. हे सगळं मुसाच्या जिभेवर होतं.

पण ऑल्डरमूरवर अस्लम होता.

अस्लम त्याचा एकुलता एक. बाजारपेठेत काशीराम शिंप्याच्या दुकानात तो चौदाव्या वर्षापासून बसायचा आणि अठराव्या वर्षी त्याच्या हाताची टीप अशी पडायची की काशीराम लग्नाचे कोट डोळे झाकून त्याच्यापुढे टाकी. त्याला शिंपीच व्हायचं होतं. मुसाला ते पटलं नाही. बटलरच्या मुलाने लोकांच्या विजारी उसवत बसायचं? शिवाय मुसाचे डोळे जायला लागले होते आणि घरातलं कुणीतरी बोटीवर असणं ही राजिवड्यातली रीतच होती. त्या वर्षी नव्या माणसांना नोकरीची पुस्तकं मिळणं बंद होतं. त्या पुस्तकाला खलाशी नळी म्हणतात. पूर्वी ते कागद पत्र्याच्या नळीत ठेवायचे. नळी नाही तर बोट नाही. मुसाच्या भावाचा मुलगा वजीर नुकताच विषमज्वराने गेला होता आणि त्याची नळी फळीवर पडून होती. चुलतभावांचे चेहरे मिळतेजुळते, आणि गोऱ्या साहेबाला सगळे एकसारखेच. मुसाने ती नळी अस्लमच्या खिशात घातली, त्याच्या हातातली सुई काढून घेतली आणि त्याला मुंबईच्या आगबोटीत बसवून दिलं. असं पूर्वी अनेकांनी केलं होतं. त्यात काही वावगं आहे असं त्याला तेव्हा वाटलं नाही.

अस्लमचं पहिलं पत्र एडनहून आलं. त्यात लिहिलं होतं, 'बाबा, इथे मला सगळे वजीर म्हणतात. काल धक्क्यावर कुणीतरी अस्लम म्हणून हाक मारली. ती दुसऱ्या कुणाला होती. पण मी वळलोसुद्धा नाही.' त्यानंतर दोन पत्रं. मग तीन वर्षं काही नाही. राजिवड्याचं दुसरं कुणी त्या बोटीवर राहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीत गुहागरचा धोंडू खलाशी सांगत आला की पोर्ट सैदला त्याने अस्लमला ऑल्डरमूरच्या शिडीवर पाहिलं, हात केला, पण तो बघून आत गेला. कंपनीकडे चौकशी करायची तर कुणाची करणार? अस्लम नावाचा माणूस त्यांनी कधी ठेवलाच नव्हता, आणि वजीर नावाचा होता तो मेलेला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बोल ना," रावसाहेब म्हणाले.

"मानानं वागवतात, साहेब," मुसा म्हणाला. "टेबलसुद्धा राखून ठेवलेलं असतं."

रावसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी इटालियन पुस्तिका मिटून खुर्चीखाली ठेवली.

मुसाने मग घसा साफ केला आणि आपलं मागणं मांडलं. मुलगा त्याच बोटीवर असतो. बरेच दिवसांत पत्र नाही. घरून एक लहानशी डबी द्यायची आहे, साहेब नेतील काय? रावसाहेब मोठ्या मनाने हो म्हणाले आणि खिशातून वही काढून त्यांनी मुलाचं नाव विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. समोर बसलेला माणूस निवृत्त झाला तरी मॅजिस्ट्रेटच होता. मेलेल्याच्या नळीवर मुलाला चढवला हे त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"अस्लम," मुसा म्हणाला. "अस्लम मुसा. पण साहेब, नावानं नका विचारू. पॅन्ट्रीत कुणाही आपल्या माणसाला म्हणा, राजिवड्याच्या मुसा बटलरचा मुलगा. त्याच्या कानावर जाईल."

रावसाहेबांनी नाव ठळक अक्षरात लिहून घेतलं.

घरी सकिनाने चार दिवस डबीची तयारी केली. आंब्याचं साठं, जरा काळपट झालेलं पण तिच्या हातचं. मूठभर कोकमाची सोलं. मग कोनाड्यातून तिने काहीतरी काढलं आणि पदराने पुसलं. पितळेचं अंगुस्तान, शिंपी बोटात घालतात ते. बोटीवर जाताना अस्लम ते उंबऱ्यावर ठेवून गेला होता, बापाला दिसेल असं.

"हे कशाला?" मुसा म्हणाला.

"असू दे. त्याचं हाय," सकिना म्हणाली.

मुसाने पत्र लिहिलं. त्याला लिहिता येई, पण आता ओळ ओळीवर चढायची, म्हणून तो दुपारच्या उन्हात दारात बसून लिही. 'तू ये. काशीरामच्या शेजारचा गाळा रिकामा आहे. मशीन घेऊ.' एवढं लिहायला एक दिवस गेला. शेवटची ओळ त्याने तिसऱ्या दिवशी लिहिली. 'मी चुकलो.' आयुष्यात त्याने हे दोन शब्द कुणाला लिहिले नव्हते, बोलून दाखवले नव्हते. लिहिले आणि त्याला हलकं वाटलं. पाकीट त्याने भाताच्या खळीने चिकटवलं, अंगठ्याने दाबून, टोकापासून टोकापर्यंत.

सकिनाने पाकीट डबीत घातलं आणि डबी मांजरपाटात गुंडाळून शिवली. तिची टीप गोधडीची, लांब लांब आणि वाकडी. "अस्लम हसेल," ती म्हणाली.

फाल्गुनात भगवती बंदरावर रावसाहेब लोकरीचा सूट घालून आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसले तेव्हा घामाने त्यांची कॉलर विरघळायची बाकी राहिली होती. बाईसाहेबांनी डबी हातातल्या पिशवीत वर ठेवली आणि मुसाला दिसेल अशी वर करून दाखवली. त्याला डबी दिसली नाही, पण हात वर झालेला कळला.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसात आगबोट बंद, टपालाला उशीर. सकिना रोज संध्याकाळी दिवा लावताना एकदाच विचारी, "पोचली असेल ना?" आणि मुसा म्हणे, "कधीच." रात्री मात्र त्याला एकोणतीस नंबरचं टेबल आठवे. बाईसाहेब दाराकडे पाठ करून बसल्या आहेत, दार झुलतंय, त्यांच्या पातळाच्या पदराला वाफ लागते आहे. गरजवंताला अक्कल नसते, असं तो स्वतःला समजावी. पण त्याला अक्कल होती. सगळं कळत असून त्याने ते केलं होतं, आणि हे त्याला टोचत होतं.

आश्विनात सबनीस मंडळी परत आली. निरोप आला तसा मुसा पायी झाडगावला गेला.

व्हरांड्यातल्या टेबलावर आज चादर नव्हती. रावसाहेब बारीक झाले होते. त्यांनी मुसाला एक जाड, सोनेरी कडांचा कागद दिला. बोटीवरच्या जेवणाचं पत्रक होतं.

"तुझ्यासाठी आणलं. तू सांगितलंस तसंच सगळं. अगदी तसंच. घंटा काय, कोट काय! कॅप्टनने एकदा मला मान लववली."

"टेबल बरं मिळालं ना, साहेब?"

विचारायला नको होतं. जखमेवरची खपली काढावीशी वाटते, तसं तोंडून निघून गेलं.

"उत्तम," रावसाहेब म्हणाले. "जरा कोपऱ्यातलं. पण निवांत. मी मुद्दाम तेच ठेवा म्हणालो." ते बाहेर माडांकडे बघत बोलत होते. "दाराशी असल्यामुळे वाढपही सगळ्यांच्या आधी यायचं."

मुसाने मान खाली घातली. बारा वर्षं त्या टेबलावर बसलेल्यांनी जे जे म्हटलं होतं तेच रावसाहेब म्हणाले. त्यात एक शब्द नवा नव्हता.

"आणि हे तुझं." रावसाहेबांनी डबी पुढे केली, वर एक घडी घातलेली चिठ्ठी. "मी रीतसर पर्सरकडे, म्हणजे बोटीच्या कारभाऱ्याकडे, अर्ज दिला होता. लेखी उत्तर आहे. या नावाचा कुणीही नोकर बोटीवर नाही, पूर्वीही नव्हता. तुझी काहीतरी चूक झाली असेल, मुसा."

"झाली असेल, साहेब."

रावसाहेब आत गेले. मुसा पायऱ्या उतरला तेव्हा मागून बाईसाहेब आल्या. अंगणातल्या फुलांना पाणी घालायच्या निमित्ताने त्यांनी हातात तांब्या घेतला होता.

"मुसाभाई, तुम्हाला ते टेबल माहीत होतं ना?"

चपलेचा अंगठा तुटल्यासारखा तो तिथेच उभा राहिला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. यांनाही कळलं. त्या टेबलाशी बसलो तेवढे दिवस आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो, किती निवांत आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मुसाला सोसवेना. "यांना काही बोलू नका. मीही बोललेले नाही. यांना जन्मभर जे खरं वाटत होतं ते असं म्हातारपणी काढून घ्यायचं नाही."

"माफी करा, बाईसाहेब. मुलगा होता त्या बोटीवर."

"ते कळलं मला." त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "जाताना मला बोट लागली. आठ दिवस खोलीतून उठले नाही. आमच्या खोलीचं काम बघायला एक मुलगा होता, वजीर नावाचा. फार गुणी. तिसऱ्या दिवशी त्याने मला कुठून तरी मऊ पेज करून आणली, मिठाची. म्हटलं, तू कोकणातला काय रे? म्हणाला, मुंबईचा. माझ्या पोलक्याची बाही उसवली होती, ती त्याने अशी शिवून दिली की मला शिवण सापडेना."

मुसाने डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"यांचा अर्ज परत आला तेव्हा मी त्यालाच विचारलं. म्हटलं, राजिवड्याच्या मुसा बटलरचा मुलगा अस्लम, तू त्याला ओळखतोस? ही बघ, त्याच्या आईने डबी दिली आहे. तो चादर घालत होता. घालता घालता म्हणाला, होता, बाईसाहेब. पण तो केव्हाच उतरला. कुठे उतरला म्हटलं, तर म्हणाला, सांगून नाही गेला."

"आणि येताना?" मुसाने विचारलं. "येताना होता तो... वजीर?"

"नव्हता. नव्या माणसाला विचारलं मी. लंडनजवळ टिलबरी बंदराला उतरला तो परत चढलाच नाही म्हणे. बोटीवरचे कामगार तिथे तसेच पळून जातात म्हणाला, कंपनी दोन दिवस वाट बघते." बाईसाहेबांनी तांब्यातलं पाणी अबोलीच्या आळ्यात ओतलं. "डबी तेव्हा आमच्या खोलीतच कपाटावर होती. नंतर आम्ही ती मँचेस्टरला नेली आणि परत आणली. कुणी हात लावला नाही."

मुसा घराकडे निघाला. वाटेत काशीरामचं दुकान लागलं. काशीरामने हाक मारली, तो थांबला नाही. हातात डबी होती, तिच्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवलं असतं तरी ती कुणी उघडली की नाही ते त्याला कळलं असतं, पण घर येईपर्यंत त्याला तेवढा धीर झाला नाही. सकिनाला काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता. बोटीवर नाही, एवढं सांगितलं तर ती म्हणेल, मेला. आहे पण ओळख दिली नाही म्हटलं तर ते आणखी वाईट. शेवटी त्याने ठरवलं की चिठ्ठी तेवढी वाचून दाखवायची. ती कागदावरची होती आणि तिच्यात खोटं काही नव्हतं.

सकिना मागच्या दारात सुकटं निवडत बसली होती. उन्हं उतरली होती तरी दारात उजेड होता. तिने डबी बघितली आणि तिचे हात थांबले.

"नाय मिळाला," मुसा म्हणाला. "साहेबांनी अर्ज दिलान. या नावाचा कुणी नाय म्हणून लिहून आलं."

"या नावाचा कसा असेल?" सकिना म्हणाली. तिने हात पदराला पुसले आणि डबी मांडीवर घेतली.

"कात्री देऊ?"

"नको. उसवते."

तिने सुईचं टोक टिपेखाली घातलं आणि ते तिथेच राहिलं. डबी तिने उजेडाकडे वळवली, मग पुन्हा वळवली. तिचं बोट कपड्याच्या कडेवरून हळू सरकत गेलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"ही टीप माझी नाय," ती म्हणाली.

मुसा उभा होता तो खाली बसला.

"दोरा निळा हाय. आणि बघा कशी बारीक, मुंगी चालल्यासारखी." तिने त्याचं बोट धरून शिवणीवर ठेवलं. मुसाच्या बोटाला शिवण जवळजवळ लागलीच नाही. काशीरामच्या दुकानातल्या लग्नाच्या कोटांना असायची तशी होती.

सकिनाने एकेक टीप उसवली, दोरा न तोडता, सगळा अखंड बाहेर काढला. झाकण उघडलं. साठ्याचा एक कोपरा तोडलेला होता. सोलं होती तशीच होती. तिने आत हात घालून तळ चाचपला. मग डबी परातीत पालथी केली, बुडावर टिचकी मारली, सोलं बोटांनी बाजूला करून पाहिली.

"अंगुस्तान नाय."

"पडलं असेल कुठे," मुसा म्हणाला. "एवढ्या प्रवासात."

"असल्या शिवणीतनं काय पडत नाय."

मग मुसाने सगळं सांगितलं: पेज, बाही, टिलबरी. केव्हाच उतरला हेही सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्याला वाटलं ती आता हंबरडा फोडील. ती ऐकत होती आणि निळा दोरा एका कागदाच्या कपट्यावर गुंडाळत होती.

"मग शिवत असेल कुठंतरी," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज असा मोकळा आला होता, आणि मुसाला आपल्या बायकोचा हेवा वाटला.

तिने परातीतून पाकीट उचललं, त्याला चिकटलेलं सोल झटकलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे तुमचं."

मुसाने पाकीट घेतलं. दिसत नव्हतं, म्हणून त्याने अंगठा चिकटवलेल्या कडेवरून नेला, टोकापासून टोकापर्यंत. खळ वाळून कडक झाली होती. कड कुठे सुटली नव्हती, कुठे उचललेली नव्हती. त्याने पुन्हा एकदा अंगठा फिरवून पाहिला.

सकिना दिवा लावायला उठली. उठताना तिने साठ्याचा तो तोडलेला तुकडा वेगळ्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला आणि त्याला विचारलं की जेवायला आत्ता वाढू की जरा वेळाने.